पेट बाटल्यांपासून केलेला कार्बन पाण्यातला डाय काढतोय, पण हे खरंच कॅटॅलिसिस आहे का?

पंचगंगाकाठ:

नमस्कार, मी एमएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव इचलकरंजी. गावाचं नाव मुद्दाम सांगतेय कारण लहानपणापासून प्रोसेस हाऊसचं (कापड रंगवायच्या कारखान्यांचं) रंगीत पाणी आणि पंचगंगेची अवस्था बघत आलेय, त्यामुळे प्रोजेक्ट निवडताना दुसरं काही डोक्यात आलंच नाही. टाकाऊ प्लास्टिकपासून सच्छिद्र कार्बन करायचा आणि तो कॅटॅलिस्ट (स्वतः न संपता रिॲक्शन वेगाने घडवणारा) म्हणून वापरून पाण्यातला डाय (कापडाचा रंग) तोडायचा, असा विषय आहे.

आत्तापर्यंत केलंय ते असं. पाण्याच्या पेट बाटल्या धुतल्या, झाकणं काढली, कात्रीने बारीक तुकडे केले आणि नायट्रोजनमध्ये ट्यूब फर्नेसला 600 डिग्रीवर पायरोलिसिस केलं (हवेशिवाय तापवलं). जो काळा चार (कोळसा) मिळाला तो तिप्पट केओएचबरोबर (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) खलून परत 750 ला एक तास ठेवला, मग पातळ एचसीएल आणि नंतर पाण्याने पीएच न्यूट्रल होईपर्यंत धुतला. बीईटी (आतल्या भोकांसकट एकूण पृष्ठभाग मोजायची चाचणी) बाहेरून करून आणलं, 1600 चौरस मीटर प्रति ग्रॅमच्या आसपास आलंय. आता 20 पीपीएम मिथिलीन ब्लूच्या (निळा डाय) 100 मिली द्रावणात 20 मिलिग्रॅम कार्बन आणि थोडं ऑक्सोन (ऑक्सिडायझर पावडर) टाकलं की अर्ध्या तासात पाणी नितळ होतं. ऑक्सोन न टाकताही रंग बराच उतरतो पण हळू. गाइड म्हणतात डिग्रेडेशन म्हणून लिही, पेपरांत सगळे तसंच लिहितात. माझ्या मनाला ते पटत नाहीये, नुसता स्पंजसारखा डाय शोषला जात असेल तर त्याला कॅटॅलिस्ट कसं म्हणायचं?

अजून दोन अडचणी. एक म्हणजे चार फारच कमी मिळतो, आणि फर्नेसच्या बाहेरच्या टोकाला पांढरी पिवळट पावडर साठून नळी बंद होते, बबलरमधले बुडबुडे थांबतात. दुसरं म्हणजे पेट सोडून दुसरं कुठलं प्लास्टिक यासाठी बरं? कुणी हे काम केलं असेल तर प्लीज सांगा.

ट्यूबफर्नेस:

तुला शंका आली हेच मुळात फार बरं झालं, कारण या विषयातल्या निम्म्या पेपरांची हीच गोची आहे. पीएचडीत मी जवळपास हेच करतेय (पुण्यात), म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुझ्याच आकड्यांचं गणित कर. 20 पीपीएम म्हणजे लिटरला 20 मिलिग्रॅम, म्हणजे 100 मिलीत 2 मिलिग्रॅम डाय. कार्बन 20 मिलिग्रॅम. म्हणजे ग्रॅममागे 100 मिलिग्रॅम डाय झाला. 1600 बीईटीचा कार्बन मिथिलीन ब्लू ग्रॅमला 300 मिलिग्रॅम सहज शोषतो. त्यामुळे तुझ्या फ्लास्कमधला सगळाच्या सगळा डाय नुसत्या शोषणाने जाऊ शकतो, ऑक्सोनची काही गरजच नाही, फक्त वेळ लागेल. या सेटिंगमध्ये तू कितीही रीडिंग घेतलीस तरी कॅटॅलिसिस सिद्ध होणार नाही आणि खोटंही ठरणार नाही. प्रयोगच बदलायला हवा.

कसा बदलायचा ते सांगते. आधी कार्बन नुसत्या डायमध्ये रात्रभर हलवत ठेव, समतोल येईपर्यंत, आणि डाय एवढा घे की कार्बनचं पोट भरल्यावरही पाण्यात ठळक रंग शिल्लक राहील. रीडिंग स्थिर झालं की मग ऑक्सोन टाक. त्यानंतर जो रंग उतरेल तो शोषणाच्या नावावर टाकता येणार नाही. शेजारी दुसरा फ्लास्क ठेव ज्यात फक्त डाय आणि ऑक्सोन, कार्बन नाही. आणि तिसरा, जो लोक हमखास विसरतात, त्यात ऑक्सोन न टाकता थोड्याशा सल्फ्युरिक ॲसिडने पीएच तेवढाच खाली आणायचा. ऑक्सोन स्वतः आम्लधर्मी आहे, बफर नसेल तर पाण्याचा पीएच 3 च्या आसपास जातो, आणि पीएच बदलला की कार्बनवरचं शोषणही बदलतं. नुसता पीएचचा परिणाम लोक रॅडिकलच्या (ऑक्सोनमधून निघून डाय तोडणाऱ्या कणांच्या) नावावर खपवतात.

मग रिॲक्शन संपल्यावर कार्बन गाळून घे आणि थोडं ॲसिड घातलेल्या इथेनॉलने परत परत धू. धुवणात निळा रंग आला तर 664 नॅनोमीटरला मोज. सुरुवातीला टाकलेला डाय एकीकडे आणि पाण्यात उरलेला अधिक कार्बनमधून परत निघालेला दुसरीकडे, असा ताळा मांड. जेवढी तूट येईल तेवढंच तुटलंय असं म्हणायला तुला आधार मिळेल. तेही जपून म्हण, कारण घट्ट बसलेला डाय इथेनॉलनेही सगळा सुटत नाही, म्हणून नुसत्या शोषणाच्या फ्लास्कमधला कार्बनही तसाच धुवून किती परत मिळतो ते तुलनेला ठेव. शक्य असेल तर टीओसी (पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन) कर, रंग जाणं आणि रेणू तुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि एक मनापासून सांगू का, मिथिलीन ब्लू सोड. फिनॉल घे किंवा बिस्फिनॉल ए घे, रंगहीन, एचपीएलसीवर (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मोजता येतं, मधे काय काय तयार होतंय तेही दिसतं. फिनॉल कार्बनवर शोषलं जातंच, पण निदान रंग उडाला म्हणून फसगत होत नाही.

पांढरी पावडर म्हणजे टेरेफ्थॅलिक ॲसिड, बेन्झॉइक ॲसिड आणि त्यांच्या भाऊबंदांचं मिश्रण. पेट 400 च्या आसपास तुटतं तेव्हा ही मंडळी वाफ होऊन निघतात आणि थंड टोकाला जाऊन बसतात. तिथे जाड नळी लाव, टोकाला हीटिंग टेप गुंडाळ आणि पुढे एक रिकामी बाटली ट्रॅप म्हणून ठेव. ताप मिनिटाला 5 डिग्रीपेक्षा जास्त वेगाने वाढवू नकोस. चोंदलेली नळी पातळ कॉस्टिकने धू, ॲसिड असल्यामुळे मीठ होऊन विरघळून जातं, खरवडत बसायची गरज नाही. पण बुडबुडे थांबलेले दिसले तर भट्टी तशीच चालू ठेवू नकोस, आत दाब वाढतो.

चारकोल:

ट्यूबफर्नेस यांनी शोषणाचं छान सांगितलंय, मी भट्टीच्या बाजूने लिहितो. ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या धंद्यात बरीच वर्षं आहे, नारळाच्या करवंटीचा माल.

बाई, तुमचं 750 डिग्री आणि तिप्पट केओएच वाचून पहिली काळजी वाटली ती सुरक्षेची. तिथे काय होतं बघा, सहा केओएच आणि दोन कार्बन मिळून पोटॅशियम कार्बोनेट तयार होतं, सोबत तीन हायड्रोजन आणि दोन पोटॅशियम धातू सुटतात. पोटॅशियम साधारण 760 ला उकळतो. म्हणजे तुमच्या तापमानाला त्याची भरपूर वाफ आहे आणि ती कार्बनच्या थरांमध्ये घुसते, म्हणून तर एवढी भोकं पडतात, पण काही वाफ नळीच्या थंड भागात जाऊन चकचकीत थर होऊन बसते. गरम असताना किंवा घाईघाईने नळी उघडली आणि दमट हवा लागली की पेट घेतो. नायट्रोजन चालू ठेवून पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, रात्रभर लागली तरी चालेल, मग हूडमध्ये उघडा आणि माल थोडा थोडा थंड पाण्यात टाका. मालावर पाणी ओतायचं नाही, पाण्यात माल टाकायचा. गॉगल आणि हातमोजे हवेतच, आणि एकट्याने कधीच करू नका.

क्वार्ट्झची नळी आतून दुधाळ दिसायला लागली असेल तर ती पोटॅशियमने खाल्लीय, लवकरच तडकेल. ॲल्युमिनाची बोटही (भट्टीत माल ठेवायची होडीसारखी वाटी) टिकत नाही आणि वरून ॲल्युमिनियम तुमच्या मालात उतरतं. निकेलची बोट घ्या.

पण मी तुमच्या जागी असतो तर केओएच सोडूनच दिलं असतं. सीओटू वापरा, 850 ते 900 ला, कार्बन अधिक सीओटू देतात दोन सीओ, तेवढीच गोष्ट. धुवायला नको, पोटॅशियम नाही, सिलिंडर कुठल्याही गॅसवाल्याकडे मिळतो. बीईटी 1600 येणार नाही, कमी येईल, आणि बाहेर पडणारा सीओ विषारी आहे तो थेट खिडकीबाहेर किंवा बर्नरमध्ये न्यावा लागतो, हे सांभाळलंत तर बाकी कटकट काही नाही. कारखान्यातही आम्ही वाफेनेच ॲक्टिव्हेट करतो. एक किलो चारला तीन किलो केओएच आणि वर ते धुवायला एवढं पाणी, ते खारट अल्कलाइन पाणी टाकायचं कुठे? नदी वाचवायच्या प्रोजेक्टमध्ये हा हिशोब एकदा मांडाच.

आता प्लास्टिकच्या कार्बनचा खरा फायदा कुठे आहे ते. करवंटीच्या कार्बनमध्ये काही टक्के राख असते, पोटॅशियम, सिलिका, लोह वगैरे. पेटचा कार्बन त्या मानाने फार स्वच्छ. औषध कंपन्यांमध्ये हायड्रोजनेशनला जो पॅलेडियम ऑन कार्बन लागतो त्याला असाच कमी राखेचा सपोर्ट (धातू धरून ठेवणारा आधार) हवा असतो, गंधक आणि क्लोरीन नको, कारण दोन्ही धातूचं विष आहे. माझं मत असं आहे की डायच्या पाण्यात टाकून गाळून फेकून द्यायला हा कार्बन महाग पडेल, सपोर्ट म्हणून मात्र त्याला किंमत येईल. फक्त पावडर करून भागत नाही, दाणा कडक लागतो, नाहीतर फिल्टर चोंदतो.

ओला_सुका:

केमिस्ट्री माझी फार नाही, मी वर्गीकरण केंद्रावर काम करतो, पण बाटल्यांबद्दल बोलायला हवं असं वाटलं.

पाण्याची क्लिअर बाटली हा आमच्याकडचा सगळ्यात चांगला माल आहे. वेचणाऱ्या बायका ती आधी उचलतात कारण तिला भंगारात भाव आहे, त्याचे फ्लेक्स होतात आणि त्याचा पुढे बहुतेक धागा होतो. ती बाटली तुम्ही भट्टीत घातलीत तर कचरा कमी झाला असं मला तरी म्हणता येणार नाही, जो माल आधीच फिरतोय तोच तुम्ही घेतलात. आमच्याकडे पडून राहतं ते वेगळंच असतं, वेफर्सच्या आणि शाम्पूच्या पुड्या, गडद रंगाच्या बाटल्या, केकचे आणि फळांचे पारदर्शक डबे.

दुसरं, लेबल काढलं असं तुम्ही लिहिलेलं नाही, फक्त झाकण लिहिलंय. झाकण आणि साधं लेबल पाण्यात तरंगतं, टबात टाकलं की वर येतं आणि पेट खाली बसतं. पण काही बाटल्यांवर आकसून बसवलेली स्लीव्ह असते, ती पीव्हीसीची असेल तर तीही बुडते, कारण पेट आणि पीव्हीसीची घनता जवळजवळ सारखी आहे. टबात ते वेगळे होतच नाहीत. आम्ही शंका आली की तांब्याची तार वापरतो. तार ज्योतीत तापवायची, हिरवं दिसायचं थांबलं की प्लास्टिकला टेकवायची आणि परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की क्लोरीन आहे. धूर नाकात जाऊ देऊ नका.

ट्यूबफर्नेस:

ओला_सुका दादांचा मुद्दा शंभर टक्के. आणि चारकोल यांनी क्लोरीनला विष म्हटलंय ते इथे जोडून घे, पीव्हीसीच्या वजनातला अर्ध्याहून जास्त भाग क्लोरीन असतो, 200 ते 350 च्या दरम्यान तो एचसीएल होऊन निघतो आणि भट्टीची फिटिंग खातो.

दुसऱ्या प्लास्टिकचं विचारलंयस त्याबद्दल. इथे गंमत अशी आहे की ज्यात कार्बन जास्त त्यातून कार्बन जास्त मिळतो असं मुळीच नाही. पॉलिथिनमध्ये वजनाने 85 टक्क्यांहून जास्त कार्बन आहे, पॉलिस्टायरिनमध्ये 92, आणि पेटमध्ये जेमतेम 62. तरी नायट्रोजनमध्ये उघड्या नळीत तापवलंस तर पॉलिथिनचं मेण, तेल आणि गॅस होऊन बोट जवळजवळ रिकामी निघते, पॉलिस्टायरिन बरंचसं परत स्टायरिन होऊन उडून जातं, आणि पेट मात्र बेन्झीनच्या कड्यांमुळे 15 ते 20 टक्के चार मागे ठेवतं. म्हणजे तुला कमी वाटतो तो चार खरं तर ठीकच आहे. पुड्यांमध्ये मोठा वाटा पॉलिथिन आणि पॉलिप्रोपिलीनचा असतो, त्यामुळे त्या या पद्धतीत घालून काही हाती लागणार नाही.

पॉलिथिनचा कार्बन करायचाच असेल तर त्याला पळायला वाव ठेवायचा नाही. एक रस्ता सल्फ्युरिक ॲसिडने सल्फोनेशन करून साखळ्या एकमेकींत अडकवायचा. दुसरा रस्ता बंद भांड्याचा. अमेरिकेत आर्गोन नॅशनल लॅबोरेटरीत विलास पोळ यांनी 2010 च्या सुमारास पिशव्यांचं प्लास्टिक बंद रिॲक्टरमध्ये 700 डिग्रीला स्वतःच्याच वाफेच्या दाबाखाली तापवून कार्बनच्या गोळ्या केल्या, मायक्रॉनच्या मापाच्या. त्या गोळ्या भरीव असतात, सच्छिद्र नाही, त्यामुळे तुझ्या कामाला थेट नाही चालणार, पण कार्बन आत टिकवता येतो एवढं त्यातून कळतं. कॉलेजच्या लॅबमध्ये असला दाबाचा प्रयोग अजिबात करू नकोस.

निव्वळ_हिशोब:

सगळं वाचलं. एक रोखठोक प्रश्न. 100 ग्रॅम पेटमध्ये 62 ग्रॅम कार्बन, त्यातून 15 ते 20 ग्रॅम चार, केओएचने त्यातलाही बराच जळणार, हातात आले 10 ग्रॅम म्हणू. बाकी सगळं धूर आणि डांबर. दोन वेळा भट्टी, नायट्रोजन, ॲसिड, पाणी. याला कचऱ्यावरचा उपाय म्हणायचं कशाच्या जोरावर?

चारकोल:

प्रश्न रास्त आहे. माझ्या मते कचऱ्यावरचा उपाय म्हणून याकडे बघूच नये, वजनाने एवढासा माल निघतो की कचऱ्याचा डोंगर याने हलणार नाही. हा कार्बन करण्याचा एक रस्ता आहे ज्याचा कच्चा माल टाकाऊ आहे, एवढंच म्हणा. आणि धूर आणि डांबर म्हणालात ते वाया घालवायची गरज नाही, मोठ्या भट्टीत तोच गॅस जाळून भट्टी तापवतात.

पेटच्या बाबतीत अजून एक चांगला पर्याय आहे, कॉस्टिकमध्ये उकळून आधी टेरेफ्थॅलिक ॲसिड सोडवून घ्यायचं आणि ते वापरायचं. मॉफ नावाचे धातू आणि ॲसिडचे जाळीदार स्फटिक त्यापासून करतात, आणि काही जण ते स्फटिक जाळून सच्छिद्र कार्बन करतात. धूर व्हायच्या आधीच रेणू हातात आलेला असतो.

पंचगंगाकाठ:

सगळ्यांचे खूप खूप आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ताई, भरलेल्या कार्बनवर ऑक्सोन टाकायचा प्रयोग या आठवड्यात लावतेय, फिनॉलसाठी एचपीएलसीची वेळ मागितलीय. काका, सीओटूचं गाइडना विचारते, निकेलची बोटही.

ओला_सुका दादा, तुमचं वाचून एक सुचलं. आमच्याकडे यंत्रमागावर पॉलिएस्टर कॉटन मिक्सची चिंधी भरपूर निघते, सुताचे गुंते, काठाचे तुकडे, कोरं कापड. मिक्स असल्यामुळे तिचं परत सूत करणं अवघड, बरीचशी जाळण्यात जाते. ही चालेल का? पॉलिएस्टर म्हणजे पेटच ना. आणि अजून एक, हे सगळं मी डिस्टिल्ड वॉटरमध्ये करतेय, खऱ्या प्रोसेस हाऊसच्या पाण्यात करून बघितलं तर?

जुना_यूडीसीटी:

हा धागा उशिरा पाहिला. अध्यापनातून निवृत्त आहे, कॅटॅलिसिस शिकवलं, म्हणून थोडं लिहितो.

चिंधीची कल्पना मला बाटलीपेक्षा खूप आवडली. कापूस तापवल्यावर पाणी सोडत सोडत कोळसा होतो, वितळत नाही, त्यामुळे पॉलिएस्टर वितळलं तरी त्याला धरून ठेवायला सांगाडा मिळतो. फॉस्फोरिक ॲसिडमध्ये भिजवून 500 च्या आसपास तापवलीत तर कापसाचा चार जास्त मिळेल आणि पोटॅशियमची भानगड नाही. मात्र चिंधी कोरीच घ्या आणि खळ आधी धुवून काढा. रंगीत चिंधीत धातू येतात, टर्क्वॉइज रंगाच्या बऱ्याच डायमध्ये तर रेणूच्या मधोमध तांबं बसलेलं असतं. पॉलिएस्टरच्या धाग्याची चमक कमी करण्यासाठी त्यात थोडं टायटॅनियम डायऑक्साइड घालतात, तेही राखेत उरेल.

धातूंचा विषय निघालाच आहे तर तो नीट घ्या, कारण तुमच्या मूळ प्रश्नाचं दुसरं अंग तेच आहे. रिॲक्शन होतेय हे सिद्ध झालं तरी ती कोण करतंय हे ठरायचं राहतंच. पेट बनवताना अँटिमनी ट्रायऑक्साइड कॅटॅलिस्ट म्हणून वापरतात, त्याचा 200 ते 300 पीपीएम अँटिमनी बाटलीतच राहतो. काही ग्रेडमध्ये पिवळटपणा मारायला कोबाल्टचे क्षार घालतात. आणि ऑक्सोनमधल्या परऑक्सिमोनोसल्फेटला चालना देणारा सगळ्यात तगडा धातू कोणता, तर कोबाल्टच. प्लास्टिक उडून जातं आणि धातू मागे राहतो, म्हणजे चारमध्ये त्याचं प्रमाण आणखी वाढतं. तेव्हा मेटल-फ्री कार्बन कॅटॅलिस्ट असं शीर्षक देण्याआधी आयसीपीवर (धातूंचं प्रमाण मोजणारं यंत्र) कोबाल्ट, लोह, मँगनीज, तांबं आणि अँटिमनी तपासून घ्या. त्यातही एक साधा प्रयोग कुठल्याही लॅबमध्ये होतो, रिॲक्शन अर्ध्यात असताना कार्बन गाळून काढा आणि गाळलेल्या पाण्यात पुन्हा थोडं ऑक्सोन टाका. रंग किंवा फिनॉल पुढेही तसंच घटत राहिलं तर काम पाण्यात उतरलेला धातू करतोय, कार्बन नाही. अँटिमनी पाण्यात उतरत असेल तर ती बाब वेगळी आणि गंभीर आहे, ती लपवू नका.

आता बीईटी. 1600 हा आकडा दिसायला मोठा आहे, पण केओएचने पडणारी भोकं बहुतेक 2 नॅनोमीटरच्या आतली असतात. मिथिलीन ब्लू लांबीला दीड नॅनोमीटरच्या घरात, कशीबशी शिरते. कापडावरचे रिॲक्टिव्ह डाय तिच्यापेक्षा खूप मोठे, रिॲक्टिव्ह ब्लॅक 5 चा रेणूभार 991 आहे. वाडा केवढाही मोठा असू दे, दिंडी दरवाजा एवढासा असेल तर पालखी बाहेरच राहते. त्यामुळे पोअर साइझचं वितरण मागवा, नुसता बीईटी नको. 2 ते 50 नॅनोमीटरची मधली भोकं हवी असतील तर मॅग्नेशियम ऑक्साइडची बारीक पावडर चार व्हायच्या आधीच प्लास्टिकमध्ये मिसळायची पद्धत बघा, जपानमध्ये इनागाकी यांच्या गटाने ती चांगली वापरली आहे. तापवून झाल्यावर पातळ ॲसिडने ऑक्साइड विरघळवला की त्याच्या जागी पोकळी राहते, आणि भोकाचं माप पावडरच्या कणाच्या मापावरून ठरवता येतं. केओएच लागतच नाही.

कार्बन स्वतः काम करत असेल तर त्याची कडा, त्यावरचे कीटोनसारखे गट, आणि नायट्रोजन घातला असेल तर तो, या जागा बघतात. युरिया किंवा मेलामाइनबरोबर तापवून नायट्रोजन घालता येतो. पण ऑक्सोन याच जागांना ऑक्सिडाइझ करून मारतं, म्हणून दुसऱ्या तिसऱ्या वापराला वेग पडतो. पडलेला आकडाही छापा. कॅटॅलिस्ट हा शब्द वापरायचा असेल तर तो टिकतो किती हे सांगणं आलंच.

खऱ्या पाण्याबद्दल जरा जपून. रिॲक्टिव्ह डायिंगच्या पाण्यात मीठ प्रचंड असतं, काही ठिकाणी साधं मीठ, काही ठिकाणी ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट). साधं मीठ असेल तर ऑक्सोन क्लोराइडचं ऑक्सिडेशन करून हायपोक्लोरस ॲसिड करतं, म्हणजे ब्लीच, आणि ते कार्बनशिवायच रंग उडवतं. पाणी नितळ दिसेल, प्रत्यक्षात डायचे क्लोरीन लागलेले तुकडे तयार होतील, जे मूळ डायपेक्षा वाईट असू शकतात. तुमच्या नदीत नितळ पण क्लोरीनयुक्त पाणी सोडलं जावं असं तुम्हाला नक्कीच वाटत नसणार. म्हणून आधी क्लोराइड टायट्रेट करा आणि तेवढंच मीठ घातलेलं, कार्बन नसलेलं कंट्रोल ठेवा. या पाण्याचा पीएचही चढा असतो, तो आधी नोंदवा.

पंचगंगाकाठ:

सर, मनापासून धन्यवाद. मिठाचं कुणीच सांगितलं नव्हतं. एकच शेवटचं, ऑक्सोन किती संपलं हे कसं मोजायचं? आणि सॅम्पल काढल्यावर एचपीएलसीचा नंबर लागेपर्यंत रिॲक्शन आत चालूच राहील ना?

ट्यूबफर्नेस:

मी सांगते. ऑक्सोन पोटॅशियम आयोडाइडमधून आयोडीन सोडवतं, ते थायोसल्फेटने स्टार्च घालून टायट्रेट कर, बीएस्सीला केलेलंच आहे. थोडं सॅम्पल असेल तर सोडियम बायकार्बोनेट आणि आयोडाइड घालून 352 नॅनोमीटरला यूव्हीवर घे, आधी कॅलिब्रेशन काढून. वजन करताना लक्षात ठेव की ऑक्सोन हे तीन क्षारांचं मिश्रण आहे, त्यात कामाचा परऑक्सिमोनोसल्फेट वजनाने साधारण निम्माच, एका मोलला 307 ग्रॅम धर.

आणि हो, रिॲक्शन चालूच राहते. सॅम्पल सिरिंज फिल्टरमधून काढ म्हणजे कार्बन गेला (आधी नुसतं फिनॉलचं द्रावण फिल्टरमधून घालून बघ, फिल्टर स्वतः किती धरून ठेवतो ते), आणि रिॲक्शन थांबवायला लगेच एचपीएलसीसाठी मिथेनॉल, टीओसीसाठी मात्र सोडियम नायट्राइट घाल. टीओसीच्या सॅम्पलमध्ये मिथेनॉल गेलं तर त्याचाच कार्बन मोजला जाईल. ऑक्सोन मोजायचं सॅम्पल वेगळं काढ, त्यात यातलं काहीच घालायचं नाही, सरळ आयोडाइडमध्ये टाक.